गाणं क्रमांक सतरा

मास्तर येणार आहे हे ताईने भाचीला सांगितलं नव्हतं, आणि भाची असणार आहे हे मास्तरला. सांगितलं असतं तर एक जण आलाच नसता, दुसरी मागच्या दाराने निघून गेली असती, आणि प्रबंधाच्या पाच प्रती टेबलावर सुट्ट्याच पडून राहिल्या असत्या. चार विद्यापीठाच्या, एक घरची. सोमवारी अकराच्या आत द्यायच्या होत्या. माणसं आधी एका खोलीत आणावीत, मग काय भांडायचं ते खुशाल भांडू दे, हे ताईचं साधं धोरण होतं आणि सत्तरीला टेकली तरी ते बदललं नव्हतं.

अडचण अंगठ्याची होती. गुरुवारी धाकट्याने, म्हणजे ताईच्या धाकट्या भावाने, बांधणीखान्याच्या सध्याच्या मालकाने, कटिंग मशीनचं पातं पुसताना अंगठा कापून घेतला. जन्मभर पुस्तकांना टाके घातले, आता डॉक्टरने त्याला तीन घातले. एरवी बिघडलं नसतं. बाहेरचं काम गोंद लावून यंत्रावर जातं. पण घरच्या माणसाचं पुस्तक सुईदोऱ्यानेच शिवायचं, ही या घरची रीत, आणि प्रबंध धाकट्याच्या मुलीचा, ठकीचा होता. तिचं खरं नाव पुस्तकाच्या पाठीवर सोन्यात उठणार होतं. घरात मात्र ती एकोणतीस वर्षांची झाली तरी ठकीच. ताईला अक्षरं उठवता येत, शिवता येत नसे. शिवणारा हात घरात आणखी एकच होता, आणि त्या हाताच्या मालकाने, म्हणजे मधल्या भावाने, मास्तरने, तीन वर्षांत हा उंबरा ओलांडला नव्हता.

तो आला तेव्हा साडेनऊ झाले होते. हातात कापडी पिशवी.

"पिशवीत काय?" ताईने विचारलं.

"सुया. तुमच्याकडच्या बोथट असतात."

"तीन वर्षं फिरकला नाहीस आणि सुया बोथट झाल्यात हे बरं कळलं तुला."

"त्या आमच्या लहानपणापासून बोथट आहेत, ताई."

आतल्या खोलीत ठकी पानांच्या कडा जुळवत होती. आवाज ऐकून तिचे हात थांबले. वडिलांकडे पाहिलं तर ते खळीच्या भांड्यात असे बघत होते, जणू आत काही पडलंय. म्हणजे यांना माहीत होतं. या घरात कट नेहमी बायका करतात आणि पुरुष भांड्यात बघतात.

"बसा," ती म्हणाली.

मास्तरला ते 'बसा' लागलं. लहानपणी ती त्याला 'ए काका' म्हणून हाक मारायची, खांद्यावर बसून कान ओढायची. त्याने कोपऱ्यातलं स्टूल घेतलं, चष्मा पुसला, आणि पहिला फर्मा उचलला. सोळा पानांची एक घडी, तिला बांधणीवाले फर्मा म्हणतात. एका प्रतीत पंधरा. हाडाच्या पट्टीने घडीची धार दाबायची, आधी आकडे जुळवायचे, मग शिवायचं.

"वाचायचं नाही हां," धाकटा हळूच म्हणाला. "मोजायचं."

"माहीत आहे रे मला नियम. मी जन्माला आलोय याच घरात."

हा नियम त्यांच्या वडिलांचा. येईल ते बांधायचं, आत काय लिहिलंय ते बघायचं नाही. धाकट्याने तो असा पाळला की चाळीस वर्षांत हजारेक प्रबंध त्याच्या हाताखालून गेले आणि एकाचाही विषय त्याला सांगता येणार नाही. मास्तरला तो कधीच जमला नाही. म्हणूनच तो मास्तर झाला.

पहिला तास ठीक गेला. सुई आत, सुई बाहेर, दोऱ्याला मेण, मध्येच ताईच्या बडबडीचा ओघ. ठकी पानं पुढे सरकवत होती आणि मास्तरच्या हातांकडे बघत होती. डाव्या हाताची करंगळी तशीच वर उचललेली. ती पाच-सहा वर्षांची असताना या टेबलाखाली बसायची आणि वरून हीच करंगळी दिसायची. किती वेळा ती या तीन वर्षांत त्याच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरली असेल, ते तिलाच ठाऊक.

दोघांच्या मध्ये आलेला तो कागद अगदी साधा होता. सदतीस सह्या, अकरावी तिची. मास्तर विद्यापीठात लोकगीतं शिकवायचा, त्यातही पाळण्यातली गाणी. विभागात त्या गाण्यांकडे बघायची एकच रीत ठरून गेली होती: प्रत्येक अंगाईत बाईची कैद असते, आणि नसेल तर ती लपवलेली असते. एकदा वर्गात मास्तर बोलून गेला, "अहो, काही आया फक्त मूल झोपावं म्हणूनही गातात." पोरं हसली. आठवड्याने कागद फिरला. या वाक्याने बायकांच्या दुःखाची थट्टा झाली आहे, लेखी माफी मागा. मास्तर म्हणाला, चूक असेल तर शंभरदा मागतो, पण चूक आहे का ते आधी वर्गात बोलू. बोलायचं कोणालाच नव्हतं. त्याचा वर्ग काढून घेतला आणि ग्रंथालयात जुन्या नियतकालिकांच्या खोलीत बसवलं. गेल्या वर्षी तिथूनच तो निवृत्त झाला.

ठकीने सही का केली? विश्वास होता म्हणून. हे तिला नंतर कोणाला सांगायला लाज वाटली, कारण भीतीने केली असं म्हटलं असतं तर लोकांनी समजून घेतलं असतं. पण तिला खरंच वाटलं होतं. गावोगाव फिरून तिने चौसष्ट गाणी गोळा केली होती, आणि त्यातल्या निम्म्या गाण्यांतून त्या बायकांनी काय काय सोसलं ते कळत होतं. विभागाचं म्हणणं खोटं नव्हतं. फक्त ते दाराला आडवं लावलेलं होतं, दुसरं काही आत येऊ नये म्हणून.

पहिल्या प्रतीचा शेवटचा फर्मा परिशिष्टाचा होता. मास्तरने पट्टी फिरवली, आकडे पाहिले. दोनशे सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. आणि त्याचा हात तिथेच राहिला.

"काय झालं?" ताई म्हणाली.

"काही नाही."

"काही नाही तर पुढे चल. खळ वाळतेय."

तो पुढे गेला नाही. ठकीने पानाचा आकडा पाहिला. सकाळपासून ती हाच फर्मा स्वतःकडे ठेवू बघत होती आणि त्या करंगळीच्या नादात तो निसटला होता.

मास्तर वाचत होता. मोठ्याने नाही, पण ओठ हलत होते. ताईने त्याच्या हातातून पान ओढलं, नाकाजवळ धरलं, आणि ती मात्र मोठ्याने वाचू लागली. ताईला मनात वाचता येतच नाही.

"गाणं क्रमांक सतरा. 'झोप गं बाळे, पुठ्ठा वाळतो. बाबा तुझा पानं चाळतो. एक मोजतो, दोन मोजतो, तीन म्हणेतो डोळा लागतो.' अगं, हे तर आपलं. 'झोप गं ठके' आहे ते. याने नाही का रचलेलं, तुझी आई गेली तेव्हा? तू पाच महिन्यांची. रात्र रात्र हा तुला घेऊन या खोलीत फेऱ्या मारायचा." तिने पान पुढे वाचलं. "निवेदक: स्त्री, वय सत्तर, निरक्षर, गिरणी कामगाराची विधवा." ताई थांबली. तिने पान खाली ठेवून भावाकडे पाहिलं. "म्हणजे तुला विधवा केलं हिने?"

"नवरा तरी बरा होता का?" मास्तर म्हणाला.

कोणी हसलं नाही. तोही हसला नाही. त्याच्या मनात एवढंच आलं की हे गाणं तिने ठेवलंय. तीन वर्षं त्याने हिशोब मांडला होता की ती आपल्याला विसरली असेल का नाही, आणि उत्तर असं परिशिष्टात निघालं, लुगडं नेसून.

"मी आधी खरं लिहिलं होतं," ठकी म्हणाली. ती वडिलांकडे बघून बोलत होती, कारण काकाकडे बघणं जमत नव्हतं. "पुरुष, वय अमुक, नातेवाईक. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, पुरुष निवेदक म्हणजे अपवाद, आणि अपवादाने मांडणी ढिली होते. गाळून टाक. खोटं लिही असं त्या नाही म्हणाल्या, बाबा. गाळ म्हणाल्या."

"मग गाळायचं," ताई म्हणाली.

"नाही गाळवलं मला." तिचा आवाज फुटला. "पन्नास वेळा गाळलं आणि पन्नास वेळा परत घातलं. त्रेसष्ट गाणी दुसऱ्यांची, आणि माझं एकच होतं. शेवटी बाई करून टाकलं. बाई केल्यावर कोणी काही विचारलं नाही."

मागे दाबयंत्राच्या खोलीत नळ गळत होता.

धाकटा उठला. डाव्या हाताने त्याने ते पान घेतलं, उजेडाला नेलं, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा स्वतः बांधायच्या पुस्तकातलं पान वाचलं. एका ओळीवर एक बोट ठेवून, सावकाश. गाण्याखाली ठकीचं विवेचन होतं.

"'येथे मोजणारा पिता हा देखरेखीचे प्रतीक असून,'" तो वाचत होता, "'मोजणीच्या लयीतून निद्रेवरही सत्तेचा पहारा कसा बसतो, हे स्पष्ट होते.'" त्याने मान वर केली. "हा पिता म्हणजे मीच ना?"

"बाबा, ते तसं नसतं. ते पात्र असतं गाण्यातलं."

"पण मोजत मीच होतो. तू रडायला लागलीस की मला काही सुचायचं नाही. गाता येत नाही मला. म्हणून पानं मोठ्याने मोजायचो, तुला आवाज तरी ऐकू यावा. ते ऐकून दादाने गाण्यात घातलं." तो पानाकडे परत बघायला लागला. "पहारा म्हणतात होय याला."

रागाने म्हणाला असता तर परवडलं असतं. तो खरंच विचारत होता, आणि ठकीला तोंड लपवायला जागा उरली नाही.

"मी हे बांधणार नाही," धाकटा म्हणाला.

ताईने कपाळाला हात लावला. "अरे, तू आयुष्यात पहिल्यांदा बोललास आणि तेही हे? उद्या अकराला द्यायचंय. एक तारखेला तिला नोकरीवर हजर व्हायचंय. पदवी नसली की यादीतला पुढचा बसेल त्या खुर्चीत. आणि आता ओळ बदलली तर समिती परत पाठवेल, सहा महिने. हो का नाही गं?"

"हो," ठकी म्हणाली.

"बघ. आण ते इकडे. मास्तर, तू तरी सांग याला. की तुला पण आनंदच होतोय?"

मास्तरने चष्मा काढला. आनंद होईल असं त्यालाही कधीतरी वाटलं होतं. नियतकालिकांच्या खोलीत बसून त्याने किती दुपारी असा दिवस रंगवला होता: त्यांचं खोटं उघडं पडलंय आणि आपण बरोबर ठरलोय. आता दिवस आला होता आणि समोर रडवेली ठकी बसली होती.

"धाकट्या, तू तेव्हा सोळाचा होतास," तो म्हणाला. "आमचे म्हातारे सर आठवतात? त्यांची पानं इथं बांधायला आली होती."

"दादा, नको ते आता."

"ठकीला कोणी सांगितलंय का? नाही ना. मग मी सांगतो." तो तिच्याकडे वळला. "मी बावीस वर्षांचा होतो, आणि आमचंही एक ठरलेलं होतं. गाणं म्हणजे लढ्याचं गाणं. जे माणसाला उठवतं ते खरं, जे झोपवतं ते शत्रूचं. आणि हे म्हातारे सर शिकवायचे पाळण्यातली गाणी. आम्ही त्यांच्या खोलीला कुलूप लावलं. कुलूप मी विकत आणलं होतं. मग त्यांचं पुस्तक आपल्याकडे बांधायला आलं. तीस वर्षांचं काम. मी अण्णांना, तुझ्या आजोबांना, म्हटलं, हे बांधलंत तर मी या घरात पाणी पिणार नाही."

"आणि अण्णांनी?" ठकीने विचारलं.

"अण्णांचा शिकलेला मुलगा मी एकटाच. त्यांनी पानं परत पाठवली. सुट्टी, सुतळीत गुंडाळून. पावणेदोन वर्षांनी सर गेले. पानं कुठे गेली कोणाला माहीत नाही. मी नंतर खूप शोधली. त्यांच्या शेजाऱ्यांकडे गेलो, रद्दीवाल्यांकडे गेलो. मिळाली नाहीत. म्हणून तर मी तोच विषय घेतला, बाई. दुसरं काय करणार होतो? आणि अण्णांनी तेव्हा नियम केला की इथून पुढे वाचायचं नाही." त्याने चष्मा परत घातला. "त्या सदतीस सह्यांचा मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्या कागदाची भाषा वाचली तेव्हा वाटलं, ही तर माझीच आहे. फक्त शब्द बदललेत. इथून पानं सुट्टी परत जाणं मी एकदा पाहिलंय. दुसऱ्यांदा नाही बघणार. धाकट्या, दोरा दे."

"खोटं आहे त्यात."

"एक ओळ खोटी आहे. बाकी दोनशे एकोणचाळीस पानं पोरीने उन्हातान्हात फिरून आणलीत. दोरा दे म्हणतो ना."

धाकट्याने दोरा दिला. मोठ्या भावाचं ऐकायची सवय सत्तावन्नाव्या वर्षीही सुटत नाही.

ठकी उठली. तिने पाचव्या गठ्ठ्यातला शेवटचा फर्मा घेतला, पान काढलं, खिशातलं पेन उघडलं, आणि छापील ओळीवर काट मारून खाली लिहिलं. निवेदक: माझे काका. वय त्या वेळी चौतीस. गाणं त्यांनीच रचलं, माझ्यासाठी. मग विवेचनाच्या समासात आणखी एक ओळ घातली: मोजणारे माझे वडील. ते पानं मोजत होते.

"घरच्या प्रतीत तरी," ती म्हणाली.

धाकट्याने मान हलवली. ताईने नाक शिंकरलं आणि चहा ठेवायला गेली.

दुपारी दोनपर्यंत शिवण संपली. खळ, पुठ्ठा, निळं कापड. ताईने पाचही पाठींवर नाव उठवलं आणि एकाही अक्षराचा पाय वाकडा पडू दिला नाही. मग प्रती एकावर एक दाबयंत्रात गेल्या. वाट बघताना मास्तर आणि धाकटा दोघं खिडकीपाशी बसले होते, लहानपणी बसायचे तसे. ताईने दारातून ते पाहिलं आणि पुन्हा स्वयंपाकघरात जाऊन उगाच कप विसळत राहिली. तीन वर्षं रविवारचा चौथा कप तिने फळीवरून खाली काढला नव्हता.

पाचला यंत्र उघडलं. पाच निळ्या प्रती, पाठीला पाठ लावून.

"यातली घरची कुठली?" ताईने विचारलं.

धाकटा प्रतींकडे बघत राहिला. "मोजल्या मी. पाच आहेत."

"पाच आहेत ते मलाही दिसतंय. घरची कुठली?"

"ते... आत काय आहे ते मी कुठे बघतो? आकडे जुळले, लावल्या."

"अरे देवा. एक चिठ्ठी घालायला काय धाड भरली होती? मुलीची नोकरी टांगणीला आणि हा म्हणतो मोजल्या."

"असू दे, आत्या," ठकी म्हणाली. तिने पहिली प्रत उघडली, शेवटाकडे गेली, मिटली. दुसरी उघडली, मिटली. तिसऱ्या प्रतीत तिला स्वतःचं अक्षर दिसलं. शाई थोडी पसरली होती, पण वाचता येत होती.

ती प्रत मांडीवर घेऊन ती किती तरी वेळ बसली. कोणी घाई केली नाही. मग तिने ती विद्यापीठाच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवली, आणि दुसरी एक उचलून वडिलांच्या हातात दिली.

"घरची ही."

"अगं, चुकतेस तू," धाकटा म्हणाला. "ह्यात ते काट मारलेलं नाही."

"माहीत आहे. घरात सगळ्यांना ठाऊकच आहे कोणी गायलं ते. तिथंच कोणाला ठाऊक नाही. वरची बाईंना देणार मी, त्यांच्या हातात. बाकीच्या तिघींवर पण तेच लिहिते आता."

तिने पेनाचं टोपण काढलं.

"ठके," मास्तर म्हणाला, "नोकरी जाईल."

"जाईल बहुतेक."

"सहा महिने म्हणतात, वर्ष लावतील. मी त्यांना ओळखतो."

"मग तोवर इथे बसून शिवेन. बाबांचा अंगठा कुठे बरा झालाय?"

"तू? तुझी शिवण वाकडी. दहा वर्षांची होतीस तेव्हा एक वही शिवली होतीस, ती दुसऱ्या दिवशी उसवली."

"मग शिकव की, काका."

तीन वर्षांत मास्तरला कोणीही शिकव म्हणालं नव्हतं. त्याने पिशवी उघडली, सुयांमधली एक बारीक सुई निवडली, ओवायला उजेडाकडे धरली. पण डोळ्यांत पाणी होतं आणि नेढं काही सापडेना, तेव्हा ठकीनेच त्याच्या हातून सुई घेऊन ती ओवली.

"हं," तो म्हणाला. "आता आधी दोऱ्याला मेण लाव."